चूक मॅडम

कोणाच्या हातून चूक झाली की मॅडमचा चेहरा उजळायचा. दुसऱ्याची फजिती बघून खूश होणारी माणसं वेगळी. तसलं त्यांच्यात काही नव्हतं. आडवाटेला अचानक एखादा दुर्मिळ पक्षी दिसावा तसं काहीसं व्हायचं त्यांना. खुर्ची ओढून समोर बसायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "कोणाची चूक ते सांगू नकोस. कशी झाली ते सांग."

आमची ओळखही अशाच एका चुकीवर झाली. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संशोधन केंद्रात मी पीएचडीला नाव नोंदवलं होतं. विषय सिस्टिम्स अँड इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. सहामाही प्रगती अहवालात मी आधीच्या सहामाहीचे आलेख घालून मोकळी झाले होते आणि समितीने माझी सगळ्यांसमोर यथेच्छ कानउघाडणी केली होती. मी जिन्यात तोंड लपवून बसले होते. तेवढ्यात सुती साडीतल्या, पिकल्या केसांचा आखूड बॉबकट केलेल्या एक बाई शेजारच्या पायरीवर येऊन बसल्या.

"कशी झाली गं?"

"लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नव्हतं हे उत्तर नाही. तिथून तर प्रश्न सुरू होतो. लॅपटॉप उघड बघू."

फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल लेटेस्ट’ आणि ‘हेच पाठवायचं’ अशा फायली होत्या. मॅडमनी ती नावं मोठ्या प्रेमाने वाचली आणि म्हणाल्या, "अशा फोल्डरमध्ये देवसुद्धा चुकेल. तू काय चीज आहेस!" मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला फायलींना नावं कशी द्यायची ते शिकवलं. जाताना म्हणाल्या, "माणूस चुकणार हे गृहीत धरायचं, आणि मग टेबल मांडायचं. माझा सगळा प्रबंध एवढाच आहे. बाकीची पानं विद्यापीठासाठी."

एम.टेक.ची मुलं त्यांना पाठीमागे ‘चूक मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव ठेवायचंच तर कामाचं ठेवलंय," म्हणायच्या.

मॅडम पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. पन्नाशी उलटल्यावर आमच्याच केंद्रात पीएचडी कशाला, हे त्यांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. बढत्या मिळायच्या त्या मिळून गेल्या होत्या, मुलगा परदेशात स्थिरावला होता, आणि देवळाली कॅम्पातल्या घरी निवृत्त शिक्षक असलेल्या काकांबरोबर, म्हणजे त्यांच्या यजमानांबरोबर, निवांत राहण्याचं वय होतं. कारण मला त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची बोटं एका कारखान्यात प्रेसखाली गेली. त्या त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेल्या. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं: कामगाराचे दुर्लक्ष. "दोन शब्दांत पोराचा निकाल लावला," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यालाही ते पटलेलं. मलाच म्हणतो, मॅडम, माझंच लक्ष नव्हतं. त्या दिवशी ठरवलं. लक्ष म्हणजे काय, ते जातं कुठे आणि का जातं, हे कोणीतरी मोजायला पाहिजे."

ते मोजायला आम्ही विंचूरला जायचो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वाईनच्या कारखान्यात बाटल्या भरून आल्या की एका पांढऱ्या, झगझगीत पडद्यासमोरून सरकत जात. पडद्यापुढे स्टुलांवर बसलेल्या बायका त्यात काचेचा कण, वाकडं बूच, चुकीचं लेबल दिसतंय का ते बघत. दिवसभर बाटल्या. माझं काम त्याच कारखान्याच्या मालवाहतुकीवर होतं, म्हणून मॅडमच्या गाडीतून मी बरोबर जायचे. मी एकदा त्या स्टुलावर बसून पाहिलं. थोड्या वेळाने बाटल्या सरकत होत्या की मीच सरकत होते, कळेना.

मॅडमचा प्रयोग साधा होता. लॅपटॉपवर एकामागून एक ठिपके येत. त्यातला एखादाच किंचित लहान असे. तो दिसला की बटण दाबायचं. कामाला लागण्यापूर्वी, सुट्टीच्या आधी, सुट्टीनंतर आणि शिफ्ट संपताना प्रत्येकीने ही चाचणी द्यायची. त्यावरून कोणाचं लक्ष कधी ढळतं ते कळे. प्रबंधात नावं घालायची नव्हती म्हणून प्रत्येकीला इंग्रजी अक्षर दिलं होतं. आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी मॅडम स्वतः ती चाचणी देत. "आधी स्वयंपाकिणीने चव घ्यावी," त्या हसून म्हणायच्या. त्यांचं अक्षर झेड.

बायकांमध्ये सुनंदाताई म्हणून होत्या, विंचूरच्याच. त्यांच्या नजरेतून एकदा तडा गेलेली बाटली सुटली आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला, "डोळे घरी ठेवून येता काय?" मॅडम लॅपटॉप तसाच ठेवून उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यांच्या जागी तुम्ही बसा. दुपारच्या चहापर्यंत. मग मी तुमच्याही चुका मोजते." सुपरवायझर बसला नाही, पण पुढच्या आठवड्यापासून बायकांच्या जागा अदलून बदलून देऊ लागला. सुनंदाताई त्यानंतर मॅडमना घरची भाजीभाकरी आणू लागल्या. "खा मॅडम. लय वाळल्या तुम्ही अभ्यासानं."

पहिली खूण मला विंचूरच्या रस्त्यावरच दिसली. पण ती खूण आहे हे तेव्हा कळलं नाही. नेहमीचं वळण आलं आणि मॅडम सरळ पुढे गेल्या. "मॅडम, वळण!" मी म्हटलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता हसतील. त्या आरशात मागचा रस्ता बघत राहिल्या. खूप वेळ. मग म्हणाल्या, "मी ते वळण पाहिलं, शुभा. मला दिसलं. आपलं आहे असं वाटलं नाही."

पुढे असं होत गेलं. एकदा आमच्या मार्गदर्शक सरांचं नाव त्यांना सरांसमोरच आठवेना. एकदा घरून निघताना गॅस चालू राहिला. प्रत्येक वेळी मॅडम तोच जुना प्रश्न स्वतःला विचारत, कशी झाली? आणि इंजिनिअरच्या शिस्तीने एकेक कारण तपासून बाजूला काढत. आधी चष्म्याचा नंबर बदलला. फरक पडला नाही. मग झोप: दुपारी चारनंतरची चहा-कॉफी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. फरक पडला नाही. थायरॉइड तपासलं, ते ठीक. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला! इंजेक्शनं घेतली, पेढे आणले, मला म्हणाल्या, "बघ, सापडलं की नाही?" इंजेक्शनांचा कोर्स संपला. ठिपके मात्र सुटतच राहिले.

मला त्या दिवसांची भीती वाटायची ती यामुळे. कारणांची यादी मोठी होती तोवर धीर होता. एकेक कारण खोटं ठरत गेलं, तशी खोलीतली एकेक खिडकी बंद होत गेल्यासारखं वाटे. मॅडम मात्र थांबत नव्हत्या. बंद करायची खिडकी शोधत पुढे जात होत्या.

कारखान्यात एका दुपारी त्या बायकांच्या आधी चाचणीला बसल्या. संपल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. सुनंदाताईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, आज बरं नाय का तुमाला?"

"बरी आहे की."

"मग लहान ठिपका येतोय तर दाबत का नाय?"

"येऊन गेला?" मॅडमनी विचारलं.

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली. आजूबाजूला बाटल्या खणखणत सरकत होत्या.

प्रबंधाचा कच्चा मसुदा घेऊन आम्ही दोघी सरांकडे गेलो. सर चांगले होते, पण घाईचे. त्यांच्या हाताखाली बरेच विद्यार्थी होते. आलेख चाळता चाळता एका ठिकाणी त्यांनी पेन्सिल टेकवली. "हे झेड काय प्रकरण आहे? सगळ्यांच्या चुका दमल्यावर वाढतात, विश्रांतीनंतर कमी होतात. ही बाई सुरुवातीला सगळ्यांत पुढे होती आणि महिन्यामागून महिने नुसती घसरत गेलीय. विश्रांतीचा काही परिणामच नाही. काढून टाका हा सब्जेक्ट. आउटलायर आहे. बाहेरून येणारे परीक्षक नेमकं तिथेच धरतील."

"बघते सर," मॅडम म्हणाल्या.

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली नाही. समोर कॉलेजची मुलं बाइकवर रेलून गप्पा मारत होती. मॅडम म्हणाल्या, "शुभा, झेड कोण ते तुला ठाऊक आहे."

"हो मॅडम."

"डॉक्टरांकडे जाऊन आले. मेंदूचे फोटो काढले. त्यांनी पुष्कळ गोड शब्द वापरले, पण आलेख त्यांनीही तोच दाखवला. माझा आलेख मी त्यांच्या आधी काढला होता एवढंच." मग हँडबॅग मांडीवर घेऊन, परीक्षेचा पेपर परत करावा तशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "आजपासून गाडी तू चालवायचीस. चूक होईल हे गृहीत धरायचं म्हटलं ना, ते मलाही लागू आहे. रस्त्यावर दुसऱ्याची पोरं असतात."

जागा बदलायला आम्ही दोघी उतरलो. गाडीच्या पुढून जाताना त्या क्षणभर थांबल्या, बॉनेटवर हात ठेवून. मी पाहिलं नाही असं केलं.

त्यांनी पॉलिटेक्निकमधूनही स्वेच्छानिवृत्ती मागितली. वर्कशॉपमध्ये लेथ चालू असताना मुलांच्या मागे उभी राहणारी बाई अशी चालणार नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. प्राचार्यांना कारण सांगितलं, ‘घरगुती अडचण’. मला वाटलं, पीएचडीही सुटली. काकांनाही तेच वाटत होतं. "आता कशाला ओढतेस ते?" ते एकदा कळवळून म्हणाले. "कोणासाठी?"

मॅडम चिडल्या. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. "आत्ताच तर मला विषय कळायला लागलाय! इतके दिवस बाहेरून मोजत होते. आता आतून दिसतंय. आणि तुम्ही म्हणता, सोड?"

मग देवळालीच्या त्या घरात शेवटचं प्रकरण सुरू झालं. ज्याचं लक्ष कमी होत चाललंय अशा माणसाला कामावरून काढायचं नसेल, तर काम कसं मांडावं? हा त्याचा प्रश्न. उत्तर मॅडम स्वतःच्या घरात शोधत होत्या. स्वयंपाकघरातले डबे काचेचे झाले. एका वेळी एकच फाइल टेबलावर. कपाटांची दारं काकांकडून काढून घेतली, कारण "बंद दारामागे काय आहे हे लक्षात ठेवणं हेही काम असतं." जे घरात जमलं, ते सुनंदाताईंच्या स्टुलापाशी करून बघायला आम्ही जायचो. तिथली व्यवस्था बदलली, पडद्याचा उजेड बदलला, आणि सगळ्या बायकांच्या चुका खरोखर कमी झाल्या. झेडच्यासुद्धा, काही काळ. तो काही काळ फार मोठा नव्हता.

मी दुपारी त्यांच्याकडे लिहायला बसायचे. कॅम्पात लष्कराच्या सरावाच्या तोफा उडाल्या की खिडक्यांची तावदानं थरथरायची. कॅम्पातल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. पण मॅडम आता प्रत्येक आवाजाला मान वर करू लागल्या होत्या. "काय झालं?" विचारायच्या. काका म्हणायचे, "तोफा गं, नेहमीच्या." "हां, हां," म्हणून त्या पुन्हा कागदात शिरायच्या. काही दिवस चांगले असत. त्या दिवशी त्या अशी एकेक वाक्यं सांगत की माझा हात थांबत नसे. काही दिवस त्या कालचंच पान आज पुन्हा सांगत, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि मी ते पुन्हा लिहून घेत असे. "हे आधी आलंय का?" एकदा त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. खोट्याने डेटा खराब होतो. आलंय तर आलंय म्हण." तेव्हापासून मी "आलंय" म्हणू लागले. ते म्हणणं फार जड जायचं. त्या मात्र नुसती मान हलवून पुढच्या मुद्द्यावर जायच्या.

झेडला त्यांनी प्रबंधातून काढलं नाही. ती कोण, हे सरांना सांगितलंही नाही. "कळलं की दया येईल त्यांना," म्हणाल्या. "आणि दयेपोटी माणसं प्रबंध नीट वाचत नाहीत."

खुल्या मौखिक परीक्षेच्या दिवशी सेमिनार हॉल भरला होता. काका शेवटच्या रांगेत. मी पहिल्या रांगेत, कारण आमचं ठरलं होतं: त्या अडल्या तर मी पुढची स्लाइड सरकवायची आणि तिच्या कोपऱ्यातलं पहिलं वाक्य बघून त्यांनी सुरू करायचं. मॅडमनी गर्द जांभळी साडी नेसली होती. त्या बोलायला उभ्या राहिल्या. माणूस उंच कठड्यावरून चालताना आपण खालून बघावं, तसा तो तास होता. दोनदा त्या थांबल्या. दोनदा मी स्लाइड सरकवली. हॉलला वाटलं, मॅडम नाट्यमय बोलतात.

मग प्रश्न. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांत. त्यांनी नेमकं तिथेच धरलं.

"झेडचा हा आलेख. हा तुमच्या इतर निष्कर्षांत बसत नाही. काढून टाकला असतात तर प्रबंध अधिक नेटका झाला असता."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "पण मग कारखान्यालाही मी तेच सांगितल्यासारखं झालं असतं. बसत नाही, काढून टाका."

हॉलमध्ये कुजबुज झाली. परीक्षकांनी मान डोलावली. "ठीक. पण या बाईंच्या बाबतीत कामाची मांडणी बदलूनही घसरण थांबत नाही. त्यांचं पुढे काय झालं? आहेत का त्या अजून कामावर?"

मॅडमची नजर माझ्यावर आली, आणि माझ्यावरून निघून भिंतीवर गेली. वाक्य हरवलं असं मला वाटलं. हात बटणावर होता, पण पुढे स्लाइडच नव्हती; ह्या प्रश्नाचं पहिलं वाक्य आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. सर खुर्चीत चुळबुळले. मागे काका उभे राहिल्याचं मला खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

"आहे सर," मॅडम म्हणाल्या. "सध्या तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतेय."

कोणी हसलं नाही. अर्थ पोचायला क्षणभर लागला, आणि पोचला तेव्हा सरांनी चष्मा काढून समोरच्या कागदांवर ठेवला. परीक्षकांनी प्रबंध मिटला, पुन्हा उघडला, शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पान काढलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. मग म्हणाले, "माझे प्रश्न संपले, डॉक्टर."

टाळ्या वाजल्या. मुलं पुढे आली, कोणी पाया पडलं, कोणी फोटो काढले. मॅडम सगळ्यांशी हसून बोलत होत्या. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्याजवळ गेले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "झालं का गं? बोलले का मी?"

"बोललात मॅडम. फार छान बोललात."

"खरं सांगतेस ना?"

"खरं."

"बरं," म्हणाल्या, आणि फोटोसाठी पुन्हा हसल्या.

माझी पीएचडी त्यांच्यानंतर पूर्ण झाली. आता मी नांदगावला असते. तिथून नाशिकला येणं आधी वरचेवर व्हायचं, मग कमी होत गेलं. मी विद्यार्थ्यांना वर्क डिझाइन, म्हणजे कामाची मांडणी, शिकवते. कोणी "लक्ष नव्हतं" म्हणालं की पुढचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप येतो, आणि तो माझ्या आवाजात येत नाही. विंचूरच्या त्या कारखान्यात आता कॅमेरा बाटल्या तपासतो असं ऐकते. सुनंदाताईंना पॅकिंगला घेतलंय. एकदा फोनवर बोलल्या; मॅडमचं विचारलं आणि मी सांगायला लागल्यावर "नका सांगू ताई, नका," म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात मी देवळालीला गेले. आधी फोन केला, तर काका म्हणाले, "जरूर ये. फक्त ओळख करून देऊ नकोस. ‘ओळखलंत का’ विचारलं की घाबरते, घाम फुटतो. आपण नापास होतोय असं वाटतं तिला. नुसती ये, बस, चहा घे."

मॅडम व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, चेहरा मात्र नितळ, कुठलीच सुरकुती नसल्यासारखा. ते नितळपण बघवत नव्हतं. मी समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी अगत्याने चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

"कुठून आलात?"

"नांदगावहून."

"बाई गं! एवढ्या लांबून? कोणाकडे आलात?"

काका दारात उभे होते. मी म्हटलं, "इथेच. ओळखीच्या एक मॅडम आहेत."

"भेटल्या का?"

"भेटल्या."

"बरं झालं." त्यांना मनापासून समाधान वाटलेलं दिसलं. मग त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. ते कुंपणाच्या पलीकडे सरकत चाललं होतं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. "आता निघा तुम्ही. उजेड आहे तोवर पोचलेलं बरं. नंतर रस्ता कळत नाही."

मी उठले, नमस्कार केला. पायरीवर चपला घालत होते तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. काकांना सांगत होत्या, "बाई चांगल्या होत्या हो. नाव विचारायचं राहिलं."